होआ लो तुरुंग संग्रहालय, हनोई: काचपेटीतला पोशाख आणि बाहेर राहिलेला माणूस

व्हिएतनामच्या सहलीत हनोईच्या वाट्याला बहुतेकांच्या कार्यक्रमात दीड-दोन दिवस येतात आणि त्यातही होआ लो तुरुंगासाठी जेमतेम पाऊण तास ठेवलेला असतो. आमच्या सहल कंपनीनेही तेच केले होते. त्या पाऊण तासात अर्धेही पाहून झाले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी खरेदीचा कार्यक्रम सोडून मी एकटा पुन्हा तेथे गेलो. हे परीक्षण मुख्यतः त्या दुसऱ्या भेटीवर आधारलेले आहे. मला तेथे ओढून नेणारे कारण एकच होते. अमेरिकेच्या नौदलाचे वैमानिक आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ सिनेटर राहिलेले जॉन मॅकेन व्हिएतनाम युद्धात या तुरुंगात कैदी होते.

संग्रहालय होआन किएम तळ्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तिकीट ५०,००० डोंग, म्हणजे साधारण १७० रुपये. ऑडिओ गाइडचे पैसे वेगळे पडतात, पण ते अवश्य द्यावेत, कारण भिंतीवरचे इंग्रजी मजकूर त्रोटक आहेत आणि ध्वनिमुद्रित निवेदन त्यांच्या मानाने पुष्कळच सविस्तर आहे. मात्र एक समजून घ्यावे. १८९६ मध्ये फ्रेंचांनी बांधायला घेतलेला हा तुरुंग बराच मोठा होता. त्याचा बहुतेक भाग १९९०च्या दशकात पाडून तेथे उंच इमारती उभारल्या गेल्या आणि आज आपण पाहतो तो प्रवेशद्वाराकडचा उरलेला तुकडा आहे. त्यामुळे कोणत्या कोठडीत नेमके कोण होते, हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

फ्रेंच राजवटीचा भाग उत्तम मांडला आहे, हे आधी सांगितले पाहिजे. साडेचारशे-पाचशे कैद्यांसाठी बांधलेल्या या जागेत १९५४ पर्यंत दोन हजारांहून अधिक माणसे कोंबली गेली होती, हे नुसते वाचून जे कळत नाही, ते लाकडी ओट्यावर एका ओळीत खोडे घालून बसवलेल्या पुतळ्यांकडे पाहून कळते. मंद उजेड, पायांत लोखंड, टेकायला भिंतसुद्धा नाही. पुढे अंधारकोठडी आहे, जिची फरशी उताराची केलेली आहे, म्हणजे कैद्याला धड झोपताही येऊ नये. त्यापुढे गिलोटिन आहे, आणि १९५१ मध्ये फाशीच्या कैद्यांनी ज्यातून पळण्याचा प्रयत्न केला त्या गटाराचा तुकडाही जपला आहे. अंदमानचे सेल्युलर जेल पाहिलेल्या मराठी माणसाला येथे फार काही समजावून सांगावे लागत नाही. साम्राज्य बदलते, पण कोठडीची मापे तीच राहतात. आवारात बदामाच्या जातीचे एक जुने झाड आहे. त्याची पाने, साल आणि फळे कैदी औषध म्हणून आणि पोटाला आधार म्हणून वापरत असत, असे निवेदनात सांगितले जाते.

अडचण सुरू होते ती अमेरिकन वैमानिकांच्या दालनांत. हिल्टन या आलिशान हॉटेलांवरून होआ लोचे अमेरिकन कैद्यांनी उपहासाने ‘हनोई हिल्टन’ असे नाव ठेवले होते. दालनाची मांडणी पाहता तो उपहास शब्दशः घेतला गेला आहे की काय, असे वाटते. नाताळची सजावट करणारे कैदी, चेंडू खेळणारे कैदी, जेवण रांधणारे कैदी, सुटकेच्या वेळी हसणारे कैदी, अशी छायाचित्रांची रांगच आहे. एका काचपेटीत वैमानिकाचा पोशाख आहे आणि तो मॅकेन यांचा असल्याचे सांगितले जाते. मी त्या पेटीपुढे बराच वेळ थांबलो. पोशाख धड आहे, कोठे उसवलेला नाही, कोठे फाटलेला नाही. पकडल्यानंतर लगेचच आपल्या अंगावरचे कपडे उतरवले गेले, असे स्वतः मॅकेन यांनी नंतर सांगितले होते. हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या घडीदार कापडावर विश्वास ठेवणे जड जाते.

मॅकेन यांचे घराणे नौदलाचे होते. आजोबा आणि वडील दोघेही ॲडमिरल झाले. नातू मात्र नौदल अकादमीतून १९५८ मध्ये बाहेर पडला तो ८९९ जणांत ८९४ वा येऊन. २६ ऑक्टोबर १९६७ रोजी ओरिस्कनी या विमानवाहू नौकेवरून ते ए-४ स्कायहॉक विमान घेऊन हनोईच्या वीजकेंद्रावर हल्ला करण्यासाठी निघाले. ही त्यांची उत्तर व्हिएतनामवरची २३वी मोहीम होती. क्षेपणास्त्राने विमानाचा एक पंख उडाला, बाहेर फेकले जाताना दोन्ही हात आणि उजवा पाय मोडला, आणि ते शहराच्या मधोमध असलेल्या त्रुक बाक तळ्यात पडले. लोकांनी त्यांना पाण्याबाहेर काढले, मारले, संगीन भोसकली. तेथून त्यांना आणले गेले ते याच होआ लोमध्ये. वडील ॲडमिरल आहेत हे कळेपर्यंत कोणी उपचार केले नाहीत.

पुढचा प्रसंग दालनात असायला हवा होता. १९६८च्या मध्यावर, वडील पॅसिफिक विभागाचे सरसेनापती होत असताना, मॅकेन यांना सुटका देऊ केली गेली. जो आधी पकडला गेला तो आधी सुटेल, या युद्धकैद्यांच्या नियमावर बोट ठेवून त्यांनी ती नाकारली. त्यानंतर काही दिवस सतत मारहाण झाली आणि अखेर त्यांनी एका कबुलीजबाबावर सही केली. या सहीची लाज आपल्याला आयुष्यभर वाटत राहिली, हे त्यांनी कधी लपवले नाही. तेव्हा ते शहरातल्या दुसऱ्या एका छावणीत होते आणि १९६९च्या अखेरीस पुन्हा होआ लोमध्ये आले. सुमारे दोन वर्षे त्यांनी एकांतवासात काढली.

त्या एकांतात कैदी भिंतीवर ठोकून एकमेकांशी बोलत. इंग्रजी अक्षरांची पाच बाय पाच चौकट करायची, के गाळून त्याचे काम सीवर भागवायचे, आधी ओळीचे ठोके द्यायचे, मग त्या ओळीतल्या जागेचे. मॅकेनमधला एम म्हणजे तीन ठोके, क्षणभर थांबून दोन. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून मी दालनाच्या भिंतीवर तेवढे एक अक्षर बोटाने ठोकून पाहिले. रंग दिलेल्या जाड भिंतीत आवाज जवळजवळ मुरून जातो. अख्खे वाक्य पलीकडे पोहोचवायला किती वेळ आणि किती कान लागत असतील, याचा अंदाज कोणत्याही फलकापेक्षा त्या पाच ठोक्यांनी मला अधिक दिला.

१४ मार्च १९७३ रोजी ते सुटले. हात पुन्हा कधी डोक्याच्या वर गेले नाहीत. साधा भांग पाडायलाही दुसऱ्याची मदत लागे. १९८२ मध्ये ॲरिझोनातून प्रतिनिधिगृहावर आणि १९८६ मध्ये सिनेटवर ते निवडून आले. त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. एका बँकमालकासाठी नियामकांची भेट घेतल्याच्या प्रकरणात १९९१ मध्ये सिनेटच्या समितीने त्यांच्या विवेकावर ठपका ठेवला आणि इराक युद्धाचे तर ते ठाम समर्थक होते. पण २००५ मध्ये, कैद्यांना क्रूर आणि अपमानास्पद वागणूक देण्यावर बंदी घालणारी दुरुस्ती त्यांनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाचा विरोध असताना मांडली आणि सिनेटने ती ९० विरुद्ध ९ मतांनी मंजूर केली. मार खाऊन लिहून दिलेल्या जबाबाची किंमत काय असते, हे त्या सभागृहात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? संग्रहालय नेमकी हीच साखळी तोडते. येथे मार झालाच नाही असे म्हटल्यावर त्या कायद्यामागचा माणूसही कळेनासा होतो.

यजमानांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालेल्या हनोईची छायाचित्रे याच दालनात आहेत आणि ती पाहताना वैमानिकाकडे खालून, जमिनीवरून बघावे लागते. ही बाजू अमेरिकन आठवणींत सहसा आढळत नाही. शिवाय मॅकेन यांनीही या देशाचा राग धरून ठेवला नाही. १९९५ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पूर्ववत झाले, त्यासाठी दुसरे एक सिनेटर जॉन केरी यांच्याबरोबर त्यांनी सिनेटमध्ये पुष्कळ खटपट केली होती. त्यानंतर १९९७ मध्ये हनोईत आलेले पहिले अमेरिकन राजदूत पीट पीटरसन हेही हवाई दलाचे वैमानिक आणि सहा वर्षांहून अधिक काळ येथलेच युद्धकैदी. त्यांनी रस्त्यांवरच्या अपघातांचा प्रश्न मनावर घेतला होता. २००७च्या डिसेंबरपासून तेथे दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे झाले. संग्रहालयाबाहेर पडल्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या शेकडो दुचाक्यांवर हेल्मेट नसलेले डोके शोधून पाहिले, तर फार कष्टाने एखादे सापडले. पुण्याहून गेलेल्या माणसाला यावर अधिक काही बोलण्याचा अधिकार नाही.

थोडक्यात, फ्रेंचांच्या काळातील भागासाठी येथे जाच, आणि वैमानिकांच्या दालनांसाठी मॅकेन यांच्याविषयी थोडे आधी वाचून जा. दोन तास हाताशी ठेवा. सकाळी आठला दार उघडते आणि पहिल्या तासात गटांची गर्दी कमी असते. येथून टॅक्सीने त्रुक बाकला जाता येते. तेथे तळ्याकाठच्या रस्त्यालगत दोन्ही हात वर केलेल्या, गुडघे टेकलेल्या वैमानिकाचे दगडी शिल्प आहे. मॅकेन यांना पकडल्याचा विजय साजरा करण्यासाठी ते उभारलेले आहे. २५ ऑगस्ट २०१८ रोजी मॅकेन गेले, तेव्हा लोकांनी याच शिल्पापाशी फुले आणून ठेवली. त्याला तिकीट नाही, आणि शेजारच्या गल्ल्यांत फो क्वोन, म्हणजे तांदळाच्या पट्टीत सारण गुंडाळलेला पदार्थ, चांगले मिळते.