टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइडची फॉइल: जेट पॉलिशिंग की एफआयबी?

गॅमा टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइडमधली डिसलोकेशन्स (स्फटिकातल्या अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष) टीईएमखाली, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, बघायची म्हटली की आधी फॉइलचा, म्हणजे इलेक्ट्रॉन आरपार जातील इतक्या पातळ नमुन्याचा, प्रश्न येतो. जेट पॉलिशिंगमध्ये आम्लाच्या द्रावणाची धार आणि वीज वापरून डिस्क विरघळवत पातळ करतात, तर एफआयबीत (फोकस्ड आयन बीम) आयनांच्या झोताने तुकडा कोरून काढतात. मी दोन्ही प्रकारे फॉइल केल्या आहेत.

एफआयबीचं मोठेपण आधी सांगतो. भेगेचं टोक किंवा एखादी ठरावीक सीमा हवी असेल, तर त्याला तोड नाही. शिवाय या मटेरियलमधल्या गॅमा आणि अल्फा-टू या दोन्ही फेजच्या (वेगवेगळ्या स्फटिकरचनेच्या भागांच्या) पट्ट्या बऱ्यापैकी सारख्या पातळ होतात. जेटमध्ये त्या वेगवेगळ्या वेगाने विरघळतात, आणि भोक नेमकं कुठे पडेल हे आपल्या हातात नसतं.

तरी माझा कल जेटकडे आहे, आणि तो काळ्या ठिपक्यांमुळे. गॅलियमचा 30 किलोव्होल्टचा झोत फॉइलच्या पृष्ठभागालगत बारीक दोष पेरून जातो. फॉइल टू-बीम स्थितीत (अणूंच्या पातळ्यांच्या एकाच संचाकडून जोरदार विवर्तन होईल अशी कलती करून) आणली की ते काळे ठिपके म्हणून उठून दिसतात, नेमके डिसलोकेशनच्या रेषांवर. बर्गर्स व्हेक्टर (डिसलोकेशनमुळे स्फटिक किती आणि कुठल्या दिशेने सरकतो ते) ठरवताना आपण जी-व्हेक्टर (विवर्तन करणाऱ्या पातळ्यांची दिशा) बदलून कुठली रेषा गायब होते ते बघतो. ती खरंच गायब झाली की ठिपक्यांत हरवली, हेच कळेनासं होतं. शेवटची सफाई 5 आणि मग 2 किलोव्होल्टवर केली की पुष्कळ फरक पडतो, पण माझ्या नमुन्यांतून ठिपके पूर्ण गेले नाहीत. तुमचं यंत्र आणि ऑपरेटर चांगला असेल तर कदाचित जातीलही.

जेटची फॉइल चांगली उतरली की भोकाभोवती भरपूर पातळ जागा मिळते. लांबलचक सुपरडिसलोकेशन्सचा (अशा सुव्यवस्थित स्फटिकातल्या, मोठ्या बर्गर्स व्हेक्टरच्या डिसलोकेशन्सचा) माग काढायला ती लागतेच. एफआयबीच्या काही मायक्रॉनच्या तुकड्यात रेषा मध्येच कापली जाते.

मेहनत मात्र आहे. मटेरियल ठिसूळ, पंच मारला की डिस्कला तडे जातात. म्हणून 3 मिलिमीटरचा दांडा वायरकटवर (तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या यंत्रावर) काढून त्याच्या चकत्या करणं बरं. घासताना हात हलका ठेवा, नाहीतर घासण्यातूनच नवी डिसलोकेशन्स आत शिरतात. मिथेनॉल-ब्युटेनॉलमध्ये थोडं परक्लोरिक आम्ल घालून द्रावण उणे 30 अंशांच्या आसपास ठेवायचं. ते तापू देणं धोक्याचं आहे, फ्यूम हूडबाहेर तर हे काम करूच नका. भोक पडताक्षणी डिस्क थंड मिथेनॉलमध्ये धुवा.

भेगेचं टोकच हवं असेल, तर एफआयबीच घ्या. फक्त त्याच नमुन्याची एक जेट फॉइलही करून ठेवा, म्हणजे कुठले ठिपके मूळचे आणि कुठले झोताचे, हे शेजारी ठेवून पडताळता येईल.