वर्गासाठीचं ज्वालामुखी किट: पुस्तिका भारी, ‘उद्रेक’ फुसका

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठीच्या या किटमध्ये शंकूचा साचा, प्लास्टर ऑफ पॅरिस, खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्लाच्या पुड्या, लाल रंग, तीन दगड आणि विषयवार उपक्रमांची पुस्तिका येते. खोक्यावर फेसाळणारा डोंगर छापलाय, आणि किटमध्ये सगळ्यात कच्चं आहे ते नेमकं तेच.

आधी डोंगर. दोन कप प्लास्टरला एक कप पाणी पुरतं. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं. प्लास्टरवर पाणी ओतलं की तळाशी कोरड्या गुठळ्या राहतात. कालवायचं काम मोठ्यांचं, कारण घट्ट होताना प्लास्टर तापतं आणि त्यात हात रुतवून ठेवला तर चांगलंच भाजू शकतं. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. पुस्तिका अर्ध्या तासात रंगवायला सांगते. साच्यातून डोंगर तेवढ्यात निघतो खरा, पण आत ओल असते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. एक दिवस तरी वाळू द्या.

उद्रेकाचं गणितच चुकलंय. 5 ग्रॅम सोड्याला साधारण 4 ग्रॅम सायट्रिक आम्ल लागतं. पुडीत आहे 2 ग्रॅम. म्हणजे जवळपास निम्मा सोडा तळाशी तसाच. दोन पुड्या आम्ल घाला, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि विवराचं तोंड मातीने अरुंद करा, फेस वर चढतो. फेस ओसरला की मुलांना मिश्रणाच्या बाटलीला हात लावू द्या: ती गार पडलेली असते. खरा लाव्हा 700 ते 1200 अंश सेल्सिअस. ‘मग आपल्या ज्वालामुखीत खरं काय आणि खोटं काय?’ हा प्रश्न पुस्तिकेत हवा होता. वायूच्या दाबाने द्रव वर येतो, एवढंच खरं.

पुस्तिकेतलं सर्वांत चांगलं पान दाटपणाचं. तिरक्या ताटात पाणी, तेल आणि मध एकेक चमचा सोडायचा, 20 सेंटिमीटर जायला लागणारे सेकंद मोजायचे. मध कोमट करून पुन्हा मोजला की तो झरझर पळतो; तापमानाचा मुद्दा वेगळा शिकवावा लागत नाही. फक्त दर वेळी ताट पुसा, आधीच्या ओघळावरून पुढचा द्रव घसरतो आणि आकडे बिघडतात. पातळ लाव्हा दूरवर पसरतो म्हणून हवाईचा मौना लोआ इतका पसरट आहे, हे इथेच सांगता येतं. साचा मात्र एकच, उभ्या उताराचा. पसरट डोंगर मातीचा करून शेजारी ठेवाच.

गणिताला मेक्सिकोचा पारीकुतिन ज्वालामुखी घेतलाय. 1943 मध्ये मक्याच्या शेतात तो उगवला, वर्षभरात सुमारे 336 मीटर वाढला आणि 1952 मध्ये थांबला तेव्हा 424 मीटर होता. आलेख काढला की पहिल्या वर्षाची उंच उडी मुलांना लगेच दिसते. भाषेसाठी रोमन लेखक धाकट्या प्लिनीचं पत्र: इ.स. 79 मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकाचा ढग त्याला पाइन वृक्षासारखा दिसला होता. मुलांनी आपापली उपमा शोधायची. चित्रकलेत इंडोनेशियातल्या क्राकाटोआच्या 1883 च्या उद्रेकानंतरचं आभाळ आहे. चित्रकार विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्टने तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे भडक रंग खडूने टिपले होते, त्यामुळे खडूच वापरायची सूचना अगदी योग्य. संगीताचं पान ओढूनताणून आणलंय, सोडून द्या.

एक चूक शिकवण्याआधी खोडा: शिलारस (जमिनीखालचा वितळलेला खडक) पृथ्वीच्या गाभ्यातून येतो असं छापलंय. तो त्याच्या खूप वर, प्रावरणाच्या (गाभा आणि कवच यांच्यामधल्या थराच्या) वरच्या भागात आणि कवचात तयार होतो.

दगड छान आहेत. प्यूमिस पाण्यावर तरंगतो, शेजारी बेसॉल्ट बुडतो. भिंगातून प्यूमिसची भोकं दाखवली की कारण मुलंच सांगतात. ऑब्सिडियनची कड मात्र फुटक्या काचेसारखी धारदार आहे, तो पारदर्शक डबीत ठेवूनच फिरवा. सोडा आणि आम्लाच्या पुड्या एकाच पिशवीत येतात. दमट हवेत पुडी फाटली तर दोन्ही आपसातच फसफसून वाया जातात, तेव्हा किट उघडल्याबरोबर त्या वेगवेगळ्या घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरा.