कंट्रोल लाइनसाठी मुलुंडचं मैदान: साडेतीन तारे

मुठीत धरलेल्या तारांवर छोटं मॉडेल विमान आपल्याभोवती गोल उडवायचं, एनसीसीच्या एअर विंगमध्ये लागलेला हा नाद! 18 मीटरच्या तारा म्हटल्या की 36 मीटरचं वर्तुळ आणि वर थोडी मोकळीक हवीच. इथे ती मिळते, पण टेनिस क्रिकेटवाले यायच्या आत. पूर्वेच्या कोपऱ्यावरून विजेची लाइन गेलीय, तिकडे चुकूनही उडवू नका. आपल्या स्टीलच्या तारा थेट मुठीत असतात. जमीन खडबडीत, म्हणून विमान मदतनिसाला हातातूनच सोडायला सांगा. उन्हं चढली की वारा सुटतो. मग वारा जिकडून येतो त्या बाजूच्या अर्ध्या फेरीत तारा ढिल्या पडतात आणि एलिव्हेटर (विमान वर-खाली नेणारी शेपटीची पट्टी) ऐकेनासा होतो. ग्लो इंजिन (इंधनावरचं छोटं, आवाज करणारं इंजिन) सुरू करताच समोरच्या इमारतीतल्या काकू गॅलरीत हजर! इलेक्ट्रिक मोटर असेल तर बरं. पाणी घरून आणा, नळ कोरडा आहे.