उद्यमनगरातला ऑटो इलेक्ट्रिशियन: डायनॅमोवाला जुना ट्रॅक्टर असंल तर इथंच जावा

आमच्या वडिलांच्या काळातल्या ट्रॅक्टरची बॅटरी सारखी उतरायची, दोन-तीन ठिकाणी दाखवलं तर सगळ्यांचं एकच, डायनॅमो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) काढून टाका, अल्टरनेटर (त्याच कामाचं नव्या पद्धतीचं यंत्र) बसवा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ह्या मिस्त्रींनी तसलं काय केलं नाही, आधी मीटर लावला. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्ट आणि रेस दिली तरी तेवढेच, म्हणजे चार्जिंगच नाही. बेल्ट अंगठ्यानं दाबून बघितला, तो बरोबर होता. मग डायनॅमो खोलला तर कार्बन ब्रश पार झिजून स्प्रिंगला टेकायला आलेले आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता भाग) काळाकुट्ट, तो बारीक पॉलिश पेपरनं घासून नवे ब्रश घातले, कटआऊटचे (बॅटरीतला करंट उलटा डायनॅमोत जाऊ न देणाऱ्या स्विचचे) पॉइंट साफ केले. बॅटरीची अर्थ पट्टी चेसिसला जिथं बसती तिथला गंज-रंग खरवडून लोखंड चकचकीत करूनच नट आवळला, हे कोण करतंय सांगा!

जोडल्यावर डायनॅमोच्या फील्डला (आतल्या चुंबकाच्या कॉइलच्या टर्मिनलला) बॅटरीची वायर क्षणभर टेकवून पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची दिशा, सेट केली, हे विसरलं तर डायनॅमो उलटा चार्ज द्यायला लागू शकतो आणि कटआऊट जळू शकतो असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. आता रेसवर १४ व्होल्ट दाखवतंय. स्लोवर ॲम्पिअर मीटरचा काटा मायनसकडं गेला तर घाबरू नका, डायनॅमो कमी आरपीएमला तेवढा करंट देतच नाही.

मजुरी एकदम वाजवी, जुने ब्रश हातात परत दिले. फक्त गल्ली लई अरुंद हाय, ट्रॉली घरीच सोडून जावा.