अंबडच्या गोडाऊनमधले सिलेक्टिव्ह पॅलेट रॅक, अख्खा छाटणी सीझन वापरल्यावर

आमचं काम द्राक्षाची औषधं आणि विद्राव्य खतं, त्यामुळे ऑक्टोबर छाटणी लागली की निफाड, दिंडोरी, पिंपळगावचे दुकानदार रोज माल मागतात आणि औषधाच्या प्रत्येक खोक्यावर एक्सपायरी. म्हणून ड्राइव्ह-इन रॅक (ज्यात फोर्कलिफ्ट रॅकच्या आत शिरून एकामागे एक माल लावते) नको म्हटलं. त्यात जागा वाचते हे खरंय, पण एकाच बाजूने भरायचं-काढायचं असलं की शेवटी ठेवलेला माल आधी निघतो आणि जुना माल आत तसाच पडून राहतो, औषधाच्या धंद्यात ते चालत नाही. सिलेक्टिव्हला प्रत्येक पॅलेटपर्यंत (माल रचायचा, फोर्कलिफ्टने उचलायचा पाट) थेट हात पोचतो, सीझनमध्ये याचा जो फायदा झाला तो मी कुणालाही छातीठोक सांगेन.

जागा जाते ती दोन रॅकमधल्या गल्लीत. साध्या फोर्कलिफ्टला साडेतीन-चार मीटर गल्ली लागते, रीच ट्रकला (काटे पुढे सरकवणारी, अरुंद गल्लीतली फोर्कलिफ्ट) पावणेतीन-तीन मीटरमध्ये भागतं, म्हणून आधी गाडी ठरवा मग रॅकचा लेआउट काढा.

आता लोडचं, हे नीट वाचा. २५ किलोच्या ४० गोण्या म्हणजे पॅलेट १ टनाचं, एका लेव्हलला दोन पॅलेट, तळाचे जमिनीवर आणि वर तीन लेव्हल, म्हणजे एका बे मध्ये (दोन खांबांमधला खण) रॅकवर ६ टन. कोटेशनमध्ये सगळे बीमची (पॅलेट पेलणारा आडवा दांडा) कपॅसिटी ठळक लिहितात, पण अपराइट म्हणजे उभा खांब किती पेलणार हे तळापासून पहिला बीम किती उंचीवर आहे त्यावर असतं. तळाला उंच पॅलेट बसावं म्हणून तो बीम वर सरकवला की खालच्या खांबाचा आधाराविना भाग वाढतो आणि कपॅसिटी उतरते. रॅक ॲडजस्टेबल आहे म्हणून वाट्टेल तसं हलवायचं नाही, सप्लायरकडून नवीन लोड चार्ट लेखी घ्यायचा. आमच्या सप्लायरने तो द्यायला फार खेटे घालायला लावले, बाकी फिटिंग चांगलं केलं.

सीझनच्या गडबडीत फोर्कलिफ्टचा काटा एका अपराइटला घासला. लगेच १ मीटरची सरळ पट्टी लावून बघितलं. बीमच्या दिशेने ५ मिमीपेक्षा जास्त किंवा ब्रेसिंगच्या (पुढचा-मागचा खांब जोडणाऱ्या पट्ट्या) दिशेने ३ मिमीपेक्षा जास्त बाक असेल तर तो खांब धोक्यात धरतात, आमचा या मर्यादेच्या आत होता. पण कॉलम गार्ड (खांबाला धक्का लागू नये म्हणूनचं कवच) पहिल्या ऑर्डरमध्येच घ्या, आणि बीमच्या टोकाची सेफ्टी पिन प्रत्येक ठिकाणी बसलीय का ते स्वतः हात लावून बघा, नाहीतर खालून काटा लागला की बीम हुकातून उचलला जातो.

खताची पूड सांडून ओल धरते आणि पावडर कोटिंग खरवडलेल्या जागी पावसाळ्यात गंज दिसायला लागलाय, तिथे घासून टचअप चालूय. लिक्विड औषधं आम्ही कायम खालच्या लेव्हलला ठेवतो, बाटली गळली तर पावडरच्या खोक्यांवर नको.

ज्यांच्याकडे एकाच जातीचा माल ट्रकने येतो आणि ट्रकनेच जातो त्यांनी ड्राइव्ह-इनचा विचार करावा. औषधं, बियाणं, खाण्याचे पदार्थ असतील तर सिलेक्टिव्हच घ्या.