मॉडेल रेल्वेसाठी बक कन्व्हर्टर: हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंतचा अनुभव

बक कन्व्हर्टर म्हणजे डीसी व्होल्टेज कमी करून देणारं छोटं सर्किट. थंडीत सगळेच कन्व्हर्टर गुणी वाटतात. नागपुरात त्यांचा खरा कस लागतो तो मे महिन्यात, आणि माझा लेआउट तर गच्चीवरच्या खोलीत. एचओचा, म्हणजे १:८७ प्रमाणाचा.

रुळांचा कंट्रोलर वेगळा ठेवलाय आणि बाकी सगळ्यासाठी १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा जाळीवाला एसएमपीएस, म्हणजे डीसी पॉवर सप्लाय. त्यावर फलाटाचे दिवे, सिग्नल आणि रुळांचे सांधे बदलणाऱ्या छोट्या सर्व्हो मोटरी चालतात. रुळांवरूनच दिव्यांची लाइन काढायचा मोह होतो, पण डीसी लेआउटवर गाडीची दिशा बदलली की पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटते. बक कन्व्हर्टरच्या स्वस्त मॉड्यूलांना उलट्या पुरवठ्यापासून संरक्षण नसतं. गेलं म्हणून समजा.

सर्व्होला ४.८ ते ६ व्होल्ट लागतात. दुकानात पहिल्यांदा ७८०५ हा ५ व्होल्टचा साधा रेग्युलेटर पुढे करतात, स्वस्त आहे म्हणून. पण १२चे ५ करायचे म्हणजे ७ व्होल्ट नुसते जाळायचे. अर्धा अँपिअर ओढला तरी साडेतीन वॅट उष्णता. खोलीच चाळिशी पार गेलेली असताना हीटसिंकशिवाय त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून बर्डीच्या बाजारातून एलएम२५९६ चिपची बक कन्व्हर्टर मॉड्यूलं आणली. त्यांवर ३ अँपिअर लिहिलेलं असतं. मी दीडच्या वर जाऊ देत नाही. एवढ्या लोडवर मे महिन्यातल्या दुपारीही कॉइल गरम लागते, पण बोट ठेवता येतं.

नवीन मॉड्यूलवरचा निळा ट्रिमपॉट (व्होल्टेज ठरवायचा स्क्रू) फिरवला तर सुरुवातीला व्होल्टेज हलतच नाही. खराब समजून परत करायला धावू नका. मल्टिमीटर लावून स्क्रू डावीकडे बरेच आटे फिरवत राहा, मग आकडा एकदम उतरू लागतो. हवा तेवढा झाला की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. लोड त्यानंतरच जोडायचा.

दिवे आणि सर्व्होंना एकच कन्व्हर्टर पुरेल असं हिशोबाने वाटतं. प्रत्यक्षात सांधा फिरताना मोटर क्षणभर जास्त करंट ओढते आणि अख्खा फलाट मिचकतो. दोघांना वेगवेगळी मॉड्यूलं दिली, सर्व्होच्या बाजूला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, कटकट मिटली. दिव्यांचं मॉड्यूल ९ व्होल्टवर ठेवलंय. पूर्ण १२वर स्टेशन लग्नाच्या हॉलसारखं झगझगतं, आणि मला तर पुढे सातपुड्याच्या नॅरो गेजचं स्टेशन करायचंय. (तिथल्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिमी, भागिले ८७ म्हणजे ८.७६, त्यामुळे ९ मिमीचा रूळ जवळपास चपखल बसतो. कडबी चौकातलं नॅरो गेज म्युझियम पाहिलं नसेल तर जाऊन या ना.)

जुना १६ व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर पडून असेल तर जपून. एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर यांच्यानंतर साधारण २१ व्होल्ट डीसी मिळतात, लोड नसताना त्याहून जास्त. एलएम२५९६ची चिप ४० व्होल्टपर्यंत सोसते. नखाएवढ्या एमपी१५८४ या दुसऱ्या बक कन्व्हर्टरची मर्यादा २८, म्हणून तिथे तो मी लावणार नाही. एसएमपीएसच्या १२ व्होल्टवर मात्र सिग्नलसाठी तोच वापरतोय. जागा कमी घेतो, तक्रार नाही.

एक वैताग आहेच. साध्या मॉड्यूलला स्क्रू टर्मिनल नसतात, तारा सोल्डर कराव्या लागतात, आणि लेआउटखाली आडवं पडून ते काम उन्हाळ्यात नको होतं. टर्मिनलवालं मॉड्यूल थोडं महाग पडतं. पुढची मी तीच घेणार.