मदत नेटवर, नेट रस्त्याखाली : जिनिंगच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती

आधी निकाल सांगते, मग रडगाणं. सॉफ्टवेअर चांगलं आहे, कापसाचं काम त्याला कळतं. पण नव्या आवृत्तीसोबत मदतीचं पुस्तक येत नाही. ते कंपनीच्या साइटवर आहे, आणि आमच्याकडे ज्या दिवशी ते उघडायची वेळ येते त्या दिवशी नेमकं नेट नसतं. पाचपैकी तीन तारे. त्यातले अडीच वजनकाट्याच्या जोडणीला.

नाव मुद्दाम घेत नाही. डीलर ओळखीतला आहे आणि यात त्याचं काही चुकलेलं नाही.

मी पारोळा-एरंडोल पट्ट्यातल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणाऱ्या कारखान्यात, हिशेब बघते. काट्यावर एक कॉम्प्युटर, ऑफिसात दोन. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. गेटवर गाड्यांची रांग, खेडा खरेदीचा, म्हणजे गावोगावी जाऊन घेतलेला, माल वेगळा, आणि प्रत्येक शेतकऱ्याला त्याच दिवशी हातात पट्टी, म्हणजे वजन आणि पैशांची पावती, हवी असते. सॉफ्टवेअर तीन युजरचं आहे, वर्षाचं नूतनीकरण 18 हजारांच्या घरात जातं. शेठ तेवढे देतात, कारण पूर्वी हेच काम करायला दोन माणसं रात्री दहापर्यंत बसायची.

जे चांगलं आहे ते चांगलं म्हणायला हवं. काट्याचं वजन आता थेट पट्टीत येतं, मध्ये कोणी आकडा टाकत नाही, त्यामुळे भांडणं संपली. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्ही वजनांच्या वेळा पट्टीवर छापून येतात. रुईचा उतारा रोजच्या रोज दिसतो. क्विंटलभर कापसातून 33-34 किलो रुई निघाली पाहिजे, एखाद्या दिवशी ती खाली गेली तर संध्याकाळीच कळतं की माल ओला होता की मशीनवर काही बिघडलंय. रुईचा भाव बोलायचा खंडीत, म्हणजे 356 किलोत, आणि माल जायचा साधारण 170 किलोच्या गठाणीत, म्हणजे दाबून बांधलेल्या गाठीत. हा हिशेब मी वर्षानुवर्षं कॅल्क्युलेटरवर केला. नव्या आवृत्तीत तो आपोआप होतो. दलालाचा फोन चालू असतानाच बेरीज समोर असते.

आता रडगाणं.

जुन्या आवृत्तीत एफ-वन दाबलं की मदतीची खिडकी उघडायची. मायक्रोसॉफ्टने 1997 च्या सुमाराला आणलेला तो सीएचएम प्रकार, डावीकडे अनुक्रमणिका, उजवीकडे मजकूर. दिसायला जुनाट होती, पण होती. शोधायच्या चौकटीत शब्द टाकला की पान समोर. तिची एक खोड होती : फाइल सर्व्हरवर ठेवली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडली तर पानं कोरी दिसायची, कारण विंडोज नेटवर्कवरून आलेल्या अशा फाइलींतला मजकूर अडवतं. ती आपल्याच डिस्कवर कॉपी केली, आणि ईमेलने आलेली असेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक केली, की चालायची. एवढं शिकून घेतल्यावर कोणाला फोन करायची गरज पडत नव्हती.

नव्या आवृत्तीत एफ-वन दाबलं की ब्राउझर उघडतो. नेट असेल तर कंपनीची साइट. नेट नसेल तर क्रोमचा तो करडा डायनासोर. आमच्या काट्यावरचा पोऱ्या स्पेसबार दाबून त्याला पळवतो आणि वर मला सांगतो, "ताई, मदत चालू झाली."

ही आवृत्ती आम्ही हौसेने घेतली नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे दर बहुतेक मालावरून गेले. कंपनीने कळवलं की जुन्या आवृत्तीत नवे दर येणार नाहीत. आमच्या कापसाचा 5 टक्के होता तसाच राहिला, पण एका सॉफ्टवेअरमध्ये अर्धे दर जुने आणि अर्धे नवे ठेवून कोण बसणार? अपडेट केलं. एकदा डेटा नव्या साच्यात गेला की तो जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणजे परतीची वाट बंद.

आणि मग कापूस सुरू झाला.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला की त्यावरचा जीएसटी शेतकरी भरत नाही, घेणारा भरतो. नोव्हेंबर 2017 पासून कापसाला हा रिव्हर्स चार्ज लागू आहे. तो भरायचाही रोख खात्यातून, क्रेडिटमधून, म्हणजे आधी भरलेल्या कराच्या वजावटीतून, चालत नाही. भरला की मग त्याचं क्रेडिट मिळतं. शेतकरी काही आपल्याला बिल देत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपणच आपल्या नावाने इन्व्हॉइस काढायचं, त्याला सेल्फ इन्व्हॉइस म्हणतात. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते माल आल्यापासून 30 दिवसांत काढायचं बंधन आलं. जुन्या आवृत्तीत पट्टी सेव्ह केली की हे मागच्या मागे तयार व्हायचं.

नव्या आवृत्तीत पहिल्याच गर्दीच्या दिवशी पट्टी सेव्ह करायला गेले तर लाल चौकट आली : "सेल्फ इन्व्हॉइस सीरिज मॅप केलेली नाही." खाली एकच बटन, ठीक आहे. ठीक आहे दाबलं की पट्टी तशीच अडकलेली. कोणती सीरिज, कुठे मॅप करायची, काही नाही. एफ-वन. डायनासोर. सकाळीच कोणीतरी रस्त्याकडेला खोदताना फायबर तोडली होती. आमच्या रस्त्याला कोणाचं ना कोणाचं खोदकाम चालूच असतं, आज पाइपलाइन, उद्या केबल, परवा पुन्हा पाइपलाइन.

खिडकीशी एक आप्पा उभे होते, बैलगाडी घेऊन आलेले. "ताई, मनी पट्टी कव्हय भेटी?" त्यांना काय सांगू, की सीरिज मॅप नाही? कपाटातून जुनं पट्टीबुक काढलं, कार्बन घातला आणि हाताने पट्ट्या लिहायला घेतल्या.

मध्ये मोबाइलचा हॉटस्पॉट करून बघितला. आमचं ऑफिस पत्र्याचं, मागे जिन चालू, रेंज दाराबाहेर उभं राहिलं तरच. मदतीचं पान उघडायला घेतलं तर वर सगळ्यात आधी व्हिडिओ, मग कंपनीचा बॅनर, मग "आमच्या सहायकाशी गप्पा मारा" म्हणणारी एक चौकट जी कोपऱ्यातून उड्या मारते. मजकूर सगळ्यात शेवटी. तोपर्यंत रेंज गेली. डीलरला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, "एनीडेस्क चालू करा, मी बघतो." एनीडेस्क म्हणजे दुसऱ्याला नेटवरून आपला कॉम्प्युटर बघू देणारं सॉफ्टवेअर. अहो, नेट असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता?

शेवटी त्याने फोनवर सांगितलं. उत्तर केवढं होतं? दोन ओळींचं. मास्टरमध्ये जायचं, नंबरिंगमध्ये नवी सीरिज उघडायची, आरसीएमच्या, म्हणजे रिव्हर्स चार्जच्या, चौकटीत टिक करायची, खरेदीच्या प्रकाराला ती जोडायची. झालं. या दोन ओळी त्या लाल चौकटीतच छापल्या असत्या तर कोणाचं काय बिघडलं असतं? हाताने लिहिलेल्या पट्ट्या नंतर रात्री बसून भराव्या लागल्या, आणि काट्याचं थेट येणारं वजन, ज्याचं मी वर एवढं कौतुक केलं, त्या दिवसापुरतं बोटांनीच टाकावं लागलं.

मी कंपनीला लिहिलं. नम्रपणे लिहिलं. उत्तर आलं की जीएसटीचं रिटर्न आणि ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, यांसाठी इंटरनेट लागतंच, त्यामुळे मदतही ऑनलाइन ठेवली आहे. ऐकायला बरोबर वाटतं. पण कोइमतूरला गठाणी चालल्या असतील तर ई-वे बिल मी दाराबाहेर उभी राहून फोनवरूनही काढते, काही मिनिटांचं काम. रिटर्न महिन्यातून ठरावीक तारखांना, रात्रीही भरता येतं. मदत मात्र काम अडलेलं असताना, त्याच कॉम्प्युटरवर, समोर माणूस उभा असताना लागते. मोटार विकायची आणि स्टार्टर तालुक्याला ठेवायचा, असला हा प्रकार आहे.

त्याच पत्राला त्यांनी एक पीडीएफ जोडली होती, "ऑफलाइन मार्गदर्शिका". मुखपृष्ठावर नव्या आवृत्तीचा नंबर, चकचकीत. आत सगळी चित्रं जुन्या आवृत्तीची, तो निळा मेनू, जो आता राहिलेलाच नाही. मी थेट रिव्हर्स चार्जचं पान काढलं. त्यावर एवढंच : "या सुविधेत बदल करण्यात आला आहे. अद्ययावत माहितीसाठी येथे क्लिक करा." क्लिक केलं. पुढे काय झालं ते सांगायला नको.

आवृत्तीत काय बदललं याची यादी मागितली, तर "विविध सुधारणा आणि त्रुटी दुरुस्ती" अशी एक ओळ. कोणती सुधारणा? कुठली त्रुटी? आमची पट्टी ज्या बदलामुळे अडली तो यातल्या कशात बसतो?

व्हिडिओंबद्दल जास्त बोलत नाही. हिंदीत आहेत, सुरुवातीला लाइक आणि सबस्क्राइब, मग दहा मिनिटं कंपनी किती मोठी आहे ते. व्हिडिओत शब्द शोधता येत नाही, आणि जिनच्या आवाजात ऐकूही येत नाही.

मग मीच उद्योग केला. रात्री घरी नेट नीट चालतं, तेव्हा साइटवरची कामाची पानं साठवायला घेतली. कंट्रोल-एसने साठवलेलं पान दुसऱ्या दिवशी नेट बंद करून उघडलं तर कोरं, कारण साठतो तो नुसता सांगाडा, मजकूर दर वेळी साइटवरून ओढला जातो. मग प्रिंटमधून पीडीएफ केल्या. त्यात वेगळीच गंमत. साइटवर प्रत्येक प्रश्नापुढे अधिकचं चिन्ह आहे, त्यावर दाबलं की उत्तर खुलतं. न दाबता प्रिंट काढली तर नुसते प्रश्न छापून येतात. बाहेर आलेली पहिली प्रत म्हणजे बोर्डाची प्रश्नपत्रिकाच होती. एकेक प्रश्न उघडून, मग प्रिंट, असं करत पट्टी, सेल्फ इन्व्हॉइस, काटा जोडणी, वर्षअखेर आणि बॅकअप एवढे भाग काढले. पारोळ्यात झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणलं. आता ते टेबलाला दोरीने बांधलेलं आहे, नाहीतर काट्यावरचा पोऱ्या त्यावर चहाचा ग्लास ठेवतो. कीबोर्डवर रुईचा थर असतोच, या वहीवरही बसतो, पण ती झटकली की चालते.

आणि तरीही पूर्ण समाधान नाही, कारण साइटवरच्या पानावर ते कोणत्या आवृत्तीचं आहे हे लिहिलेलंच नाही. तिथे नेहमी सर्वांत ताजं असतं. मधल्या एका छोट्या अपडेटनंतर साइटवरच्या चित्रात एक बटन आलं जे आमच्याकडे नव्हतं. अपडेट करायला नेट आणि निवांतपणा दोन्ही हवेत. सीझनमध्ये आमच्याकडे दुसरी गोष्ट नाही, पहिली अधूनमधून. म्हणजे मदत एका आवृत्तीची आणि आमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या, आणि हे सांगणारं कुठेच काही नाही.

हे काही अशक्य काम नव्हे. लिब्रेऑफिस फुकट मिळतं, तरी त्यांच्या साइटवर मदतीची वेगळी फाइल ठेवलेली असते. ती बसवली की एफ-वन आपल्याच कॉम्प्युटरवर उघडतं, नाही बसवली तर नेटवर जातं. निवड आपली. जळगावला बीसीए करणारा माझा भाचा पायथन शिकतो. त्याने दाखवलं की पायथनचं सगळं दस्तऐवज झिप करून उतरवता येतं, आणि प्रत्येक आवृत्तीचं वेगळं. होस्टेलवर नेट नसताना तो तेच वाचतो. तिथे कोणी वर्षाला 18 हजार घेत नाही. आमच्या कंपनीचा इन्स्टॉलर एवढा भलामोठा आहे, त्यात मदतीची पानं घातली तर तो कितीसा फुगेल? जुन्या आवृत्तीच्या त्या सीएचएमला पेनड्राइव्हवर जागा शोधावी लागत नाही.

कंपनीकडून शेवटचं उत्तर आलं ते असं, की "आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे." सोबत तिकीट नंबर. तिकीट अजून उघडं आहे.

घ्यावं की नाही? काटा जोडणी आणि उताऱ्याचा हिशेब हवा असेल तर घ्या, त्यात मी बघितलेल्यांपैकी हेच बरं. पण सीझनच्या तोंडावर अपडेट करू नका. एप्रिल-मे मध्ये, तेही 20 तारखेचं 3-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरून झाल्यावर करा, म्हणजे काही अडलं तर हातात दिवस असतात. अपडेटआधी डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. डीलरला बसवायला बोलवाल तेव्हा त्याच्यासमोर नेटची वायर काढा आणि एक पट्टी, एक सेल्फ इन्व्हॉइस, एक रद्द केलेली पट्टी एवढं करून दाखवायला सांगा. जिथे तो स्वतः अडेल ते पान आधी छापून घ्या. आणि जुन्या आवृत्तीची मदतीची फाइल पुसू नका. खतावणी, बँक जुळवणी, घसारा यांत काही बदललेलं नाही, त्याची उत्तरं अजून तिच्यातच मिळतात, नेट असो वा नसो.